दुकानाची सुधारणा, अनुदान आणि नगरपरिषदेचा कागद

हिंगोली जिल्ह्यात नागरी स्थानिक स्वराज्य संस्था पाच आहेत: हिंगोली, वसमत आणि कळमनुरी येथील नगरपरिषदा, आणि सेनगाव व औंढा नागनाथ येथील नगरपंचायती. या पाचही गावांची बाजारपेठ मुख्यतः आसपासच्या खेड्यांच्या खरेदीवर चालते, आणि तेथील दुकानांपैकी पुष्कळशी एका पिढीने बांधली, दुसरीने वापरली आणि तिसरीच्या हाती दुरुस्तीला आली, अशा अवस्थेत आहेत. गळके पत्रे, पावसाळ्यात ओल धरणारी भिंत, गंजलेले शटर, रस्ता उंचावल्यामुळे खाली गेलेला ओटा, एवढे जरी सुधारायचे म्हटले तरी खर्च लाखाच्या घरात जातो, आणि मग साहजिकच असा प्रश्न उभा राहतो, की दरवर्षी मालमत्ता कर घेणारी नगरपरिषद या कामासाठी काही अनुदान देते का. या प्रश्नाचे सरळ उत्तर नकारार्थी आहे. परंतु तेवढ्यावर विषय संपत नाही, कारण दुकान सुधारण्यासाठी मिळू शकणारा शासकीय पैसा नगरपरिषदेच्या तिजोरीत नसला तरी त्या पैशापर्यंत पोहोचवणारे बहुतेक कागद नगरपरिषदेच्याच कार्यालयातून निघतात, आणि अर्ज फसतो तो बहुधा या कागदांपाशी.

जगात अन्यत्र नगरपालिकांनी खाजगी दुकानांच्या सुधारणेसाठी थेट पैसा दिल्याची उदाहरणे आहेत. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या नियोजन कायद्यातील कलम २८ नुसार तेथील नगरपालिका शहराचा एखादा भाग सुधारणा क्षेत्र म्हणून ठरवू शकते आणि त्या क्षेत्रातील दुकानांच्या दर्शनी भागासाठी, म्हणजे रस्त्याकडून दिसणारी भिंत, दारे, खिडक्या आणि पाटी यांसाठी, मालकाला अनुदान देऊ शकते. इंग्लंडमध्ये २०२० ते २०२४ या काळात जुन्या बाजाररस्त्यांच्या पुनरुज्जीवनासाठी ९५ दशलक्ष पौंडांचा कार्यक्रम राबवला गेला आणि त्यातून साठांहून अधिक बाजाररस्त्यांवर जुन्या दुकानांची दुरुस्ती झाली. अशा योजनांची रीत साधारणपणे सारखी असते: मालक आधी अंदाजपत्रक आणि कामापूर्वीची छायाचित्रे देतो, मंजुरी मिळाल्यावर काम करतो, खर्चाचा काही भाग स्वतः उचलतो, आणि काम पाहून झाल्यावर उरलेला भाग त्याला परत मिळतो. आधी मंजुरी, मग काम, आणि सर्वांत शेवटी पैसा, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण भारतातील योजनांतही मंजुरीपूर्वी केलेला खर्च सहसा धरला जात नाही, आणि सणासुदीच्या आधी घाईने काम उरकून नंतर अर्ज करणारा दुकानदार येथेही रिकाम्या हाताने परततो.

महाराष्ट्रातील नगरपरिषदा असे अनुदान का देत नाहीत, याची कारणे कायद्यात आणि हिशेबात अशी दोन्हीकडे सापडतात. नगरपरिषदांचा कारभार ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्यानुसार चालतो आणि त्याच्या कलम ४९ मध्ये परिषदेची आवश्यक व ऐच्छिक कर्तव्ये सांगितली आहेत. रस्ते, दिवाबत्ती, पाणी, गटारे, सफाई, बाजार व कत्तलखाने यांची व्यवस्था अशी ही यादी मुळात सार्वजनिक सोयींची आहे. एका व्यक्तीच्या मालकीच्या इमारतीत सार्वजनिक पैसा घालण्याची कल्पना तिच्यात सहजी बसत नाही. हिशेबाचे कारण अधिक कठोर आहे. १९९९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी १ मे रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, राज्यातील नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात शासनाचे सहायक अनुदान सुरू झाले. जकात हे बाजारपेठेशी थेट जोडलेले उत्पन्न होते, बाजार वाढला की तेही वाढत असे. ते गेल्यावर लहान नगरपरिषदांकडे स्वतःचे म्हणावे असे मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि काही शुल्क एवढेच उरले, आणि पगार व वीजबिल भागवता भागवता ते संपते.

नगरपरिषदेला विकासासाठी जो मोठा पैसा मिळतो तो वरून येतो आणि कशासाठी खर्च करायचा हे ठरूनच येतो. वित्त आयोगाचा निधी, राज्य शासनाचे सुवर्णजयंती नगरोत्थान महाअभियान (त्याचा जिल्हास्तरीय भाग जिल्हा नियोजन समितीमार्फत मिळतो), वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचे अनुदान, औंढा नागनाथसारख्या तीर्थक्षेत्री विकास आराखड्यातून होणारी कामे, ही सर्व अनुदाने संस्थेला असतात, दुकानदाराला नव्हे. त्यांतून दुकानासमोरचा रस्ता, नाली, पथदिवे किंवा भाजी मंडई सुधारते आणि त्याचा लाभ दुकानाला अप्रत्यक्षपणे होतो, एवढाच त्यांचा संबंध. मुंबईतील दादाभाई नौरोजी रस्त्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथील कमानींच्या जुन्या इमारती वाटेल तशा फलकांखाली झाकल्या गेल्या होत्या, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वास्तुसंवर्धनतज्ज्ञांच्या पुढाकाराने तेथील दुकानांनी आपल्या पाट्या कमानींच्या मापात बसवून घेतल्या. त्या कामाचा गाभा मोठ्या रकमेत नव्हता. सर्वांनी एक नियमावली मान्य करण्यात होता. हिंगोली किंवा वसमतच्या मुख्य रस्त्यावर व्यापारी संघटनेने आणि नगरपरिषदेने मिळून असे काही ठरवले तर त्याला कोणत्याही योजनेच्या मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.

आता प्रत्यक्ष कागदांकडे वळता येईल. कोणत्याही बँकेत किंवा शासकीय कार्यालयात व्यवसायासाठी अर्ज केला, की जागा कोणाची, हा प्रश्न पहिल्याच टप्प्यावर विचारला जातो. त्यासाठी बहुतेक दुकानदार नगरपरिषदेच्या मालमत्ता कर आकारणी नोंदवहीचा उतारा पुढे करतात. हा उतारा उपयोगाचा असतो, पण त्याची मर्यादा समजून घेतली पाहिजे: कर कोणाकडून वसूल करायचा हे नोंदवण्यासाठी तो ठेवलेला असतो आणि केवळ त्याच्या आधारे मालकी सिद्ध होत नाही. मालकीसाठी नोंदणीकृत खरेदीखत, वाटणीपत्र, किंवा नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक, ज्याला बोलण्यात पीआर कार्ड म्हणतात, ते लागते. पीआर कार्ड भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळते, नगरपरिषदेकडून नाही, आणि या दोन कार्यालयांतील नावे जुळत नसतील तर बँकेचे विधी सल्लागार प्रकरण परत पाठवतात.

नावे न जुळण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे न झालेला फेरफार. दुकान आजोबांनी घेतलेले, वडिलांनी चालवलेले आणि नातवाच्या ताब्यात असलेले, पण नगरपरिषदेच्या वहीत आणि भूमापनाच्या पत्रकात नाव अजून आजोबांचेच, असे चित्र जुन्या बाजारपेठेत घरोघरी दिसते. कर वेळेवर भरला जातो, पावतीवर आजोबांचे नाव येते, आणि कर्जाचा प्रसंग येईपर्यंत कोणालाच त्यात काही वावगे वाटत नाही. अशा वेळी मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि इतर वारसांची संमती किंवा हक्कसोडपत्र गोळा करावे लागते. लग्न होऊन परभणीला किंवा नांदेडला गेलेल्या आत्याचीही सही लागते, कारण तिचा हक्क कायद्याने कायम असतो. हे काम काही महिन्यांचे असू शकते आणि त्याला पर्याय नाही, म्हणून सुधारणेचा विचार मनात येताच योजनेची माहिती शोधण्याआधी फेरफाराचा अर्ज देणे हेच शहाणपणाचे ठरते. गावाबाहेर वाढलेल्या वस्तीत, शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या भूखंडावर दुकान असेल तर अडचण आणखी वेगळी असते. अशा भूखंडांना गुंठेवारी म्हणतात, आणि त्यांच्या नियमितीकरणासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, ज्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत झालेल्या गुंठेवारी बांधकामांपर्यंत वाढवण्यात आली.

दुसरा कागद थकबाकी नसल्याचा दाखला. थकलेल्या मालमत्ता करावर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंडात्मक आकार, लागतो. वर्षाला तो २४ टक्के होतो, आणि पाचसहा वर्षे कर थकवलेल्या दुकानदाराला अनुदानातून जे मिळण्याची आशा असते त्यातला चांगला वाटा या आकारातच जातो. व्यापारी मालमत्तेच्या करबिलात राहत्या घराच्या बिलात नसणारी एक बाब असते, ती म्हणजे रोजगार हमी उपकर, कारण तो केवळ बिगर-निवासी इमारतींवर बसतो. ज्याने राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटले आहे पण वहीत इमारत अजूनही निवासी म्हणून नोंदलेली आहे, त्याने अर्जापूर्वी तो वापर दुरुस्त करून घेणे इष्ट असते. त्यामुळे कर वाढतो हे खरे, पण व्यवसायाचा पत्ता आणि इमारतीचा नोंदलेला वापर यांत विसंगती राहिली तर पुढे प्रत्येक टेबलावर तीच शंका निघते.

नगरपरिषदेच्या स्वतःच्या व्यापारी संकुलातील गाळा भाड्याने घेतलेल्यांचे प्रकरण निराळे आहे आणि त्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, कारण तेथे जमीनमालक स्वतः नगरपरिषदच असते. १९६५ च्या कायद्याचे कलम ९२ परिषदेच्या स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणावर बंधने घालते. त्यानुसार परिषद आपली मालमत्ता तीन वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने देऊ शकते, वरिष्ठांच्या परवानगीने त्याचे नूतनीकरण होऊ शकते, परंतु एकूण मुदत नऊ वर्षांच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि भाडेकरूला अशा जागेवर कायमचे बांधकाम करण्यास मनाई असते. याचा व्यवहारातील अर्थ असा, की गाळेधारकाने मधली भिंत पाडून दोन गाळे जोडले, पोटमाळा काँक्रीटचा केला किंवा समोरच्या मोकळ्या जागेवर पक्का ओटा बांधला, तर तो स्वतःच्या पैशाने आपल्याच भाडेपट्ट्याला बाधा आणत असतो. त्याला करता येण्यासारखी सुधारणा म्हणजे हलवता येणारी: रॅक, काउंटर, वजनकाटा, दिवे, पंखे, फ्रीज, यंत्रसामग्री. गाळा तारण ठेवता येत नसल्यामुळे बँकही या हलवता येणाऱ्या वस्तूंवरच कर्ज देते. भाडेपट्ट्याची मुदत संपलेली असतानाही वर्षानुवर्षे भाडे भरून ताबा चालू ठेवलेले, किंवा मूळ गाळेधारकाकडून तोंडी बोलीवर पोटभाड्याने घेतलेले गाळेही असतात. अशा व्यावसायिकाकडे भाड्याच्या पावत्या कितीही असल्या तरी चालू मुदतीचा करार नसतो, आणि तो नसेल तर कोणत्याही योजनेत त्याला जागेचा पुरावा म्हणून दाखवायला काही उरत नाही. येथे दोष एकट्या दुकानदाराचा मानणे अन्यायाचे होईल, कारण नूतनीकरणाचे प्रस्ताव वेळेत निकाली काढणे हे परिषदेचे काम आहे आणि ते लांबले की नुकसान परिषदेच्या भाडे-उत्पन्नाचेही होते.

हे कागद जमले की पैशाचा प्रश्न येतो, आणि तेथे एक भेद आधीच स्पष्ट करावा लागतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची ‘उद्यम’ ही ऑनलाइन नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली आणि जुलै २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही ती खुली झाली. मात्र व्यापाऱ्यांना तिचा लाभ प्राधान्यक्षेत्रातील कर्जापुरताच ठेवण्यात आला. प्राधान्यक्षेत्र म्हणजे ज्या क्षेत्रांना बँकांनी आपल्या कर्जाचा ठरावीक वाटा दिलाच पाहिजे अशी क्षेत्रे. म्हणजे केवळ आणून विकणाऱ्या दुकानाला नोंदणीमुळे कर्ज सुलभ होते, पण अनुदानाच्या बहुतेक योजना वस्तू तयार करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या व्यवसायासाठी राखलेल्या असतात. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत हिंगोलीला ‘विनाउद्योग जिल्हा’ म्हणून इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त सवलती आहेत, पण त्याही उत्पादक उद्योगाला आहेत. कापडाच्या किंवा भांड्यांच्या दुकानाला दर्शनी भाग सुधारण्यासाठी मुद्रा कर्ज मिळू शकते, ज्याची कमाल मर्यादा २०२४ मध्ये, आधीचे कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी, २० लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली. तथापि मुद्रा ही बिनतारण कर्जाची योजना आहे, तिच्यात अनुदान नाही. मराठा समाजातील पात्र तरुणांना अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाकडून व्यवसाय कर्जावरील व्याजाचा परतावा मिळतो, आणि अन्य समाजघटकांसाठी त्यांची त्यांची महामंडळे आहेत. पात्र अर्जदाराने आधी तेथे चौकशी करणे योग्य.

हिंगोली जिल्ह्याच्या बाबतीत मात्र उत्पादन आणि दुकान यांमधील अंतर फार थोडे आहे, कारण येथील बाजारपेठेचे मुख्य पीक हळद आहे. हिंगोली आणि वसमतच्या बाजार समित्यांत हळदीची मोठी आवक होते, वसमत येथे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित गुणवत्तेची कायदेशीर ओळख. तरीही यातली पुष्कळ हळद हळकुंड आणि गट्टू या कच्च्या रूपातच जिल्ह्याबाहेर जाते आणि दळून, पाकिटात भरून, दुसऱ्याच्या नावाने परत येथील किराणा दुकानांत विकली जाते. जून २०२० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना या ठिकाणी उपयोगी पडते. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ या तत्त्वावर तिच्यात हिंगोलीसाठी हळद निवडली गेली, महाराष्ट्रात तिची अंमलबजावणी कृषी विभागाकडे आहे, आणि पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, इतके अनुदान कर्जाशी जोडून मिळते. योजनेची मूळ मुदत २०२४-२५ पर्यंत होती आणि ती पुढे एका वर्षाने वाढवण्यात आली, म्हणून अर्जाच्या वेळी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात सद्यःस्थिती विचारून घेणे आवश्यक आहे.

या योजनेचा हिशेब एका कल्पित उदाहरणाने समजून घेता येईल. वसमतच्या एका मसाले विक्रेत्याने दुकानामागच्या खोलीत हळद दळण्याचे यंत्र, चाळणी, पाकीट बंद करण्याचे यंत्र आणि खोलीची दुरुस्ती असा ६ लाख रुपयांचा प्रकल्प मांडला, असे मानू. त्यात स्थापत्यकामाचा, म्हणजे फरशी, भिंती, छत यांचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक चालत नाही. म्हणून खोलीवर १ लाख ८० हजारांपर्यंतच खर्च धरता येईल, आणि जमिनीची किंमत तर मुळीच धरता येणार नाही. त्याने स्वतःचे किमान १० टक्के, म्हणजे ६० हजार रुपये घालायचे आणि उरलेले ५ लाख ४० हजार बँकेने कर्जाऊ द्यायचे. अनुदानाचे २ लाख १० हजार रुपये त्याच्या हातात पडत नाहीत. ते बँकेत त्याच्या कर्जखात्याला जोडलेल्या वेगळ्या खात्यात ठेवले जातात, तेवढ्या रकमेवर त्याला व्याज लागत नाही, आणि कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षांनी, खाते थकलेले नसेल आणि व्यवसाय चालू असेल तरच, ती रक्कम कर्जात वळती होते. अर्थात प्रत्यक्ष परतफेडीचा भार ३ लाख ३० हजारांचा राहतो, पण तो तीन वर्षे नियमित पेलण्याची तयारी हवी. ‘अनुदान मिळाले’ ही बातमी ऐकून यंत्र घेणाऱ्या आणि एका हंगामात हप्ते चुकवणाऱ्या उद्योजकाचे अनुदान हातचे जाऊ शकते, हे अर्ज भरतानाच त्याला समजावून सांगितले जात नाही, ही या योजनेच्या प्रचारातील खरी उणीव आहे.

या अर्जासोबत कोणते कागद जातात ते पाहिले तर नगरपरिषद पुन्हा समोर येते. जागेचा उतारा किंवा नोंदणीकृत भाडेकरार, कर भरल्याची पावती, बांधकामात बदल असेल तर परवानगी, हे तेथून. यंत्रांची दरपत्रके विक्रेत्याकडून. अन्न परवाना किंवा नोंदणी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची. थ्री फेज वीजजोडणी महावितरणची. अर्ज तयार करण्यास मदत करण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात आणि त्यांचे मानधन शासन देते, म्हणून त्यासाठी कोणा मध्यस्थाला टक्केवारी देण्याचे कारण नाही. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम या जिल्हा उद्योग केंद्रामार्फतच्या योजनांतही वर्गवारी आणि ठिकाण पाहून १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते, परंतु त्या मुख्यतः नव्याने उभ्या राहणाऱ्या व्यवसायासाठी आहेत. चालू दुकानाच्या डागडुजीसाठी त्यांत अर्ज केला तर तो नाकारला जातो.

नगरपरिषद जेथे खरोखर किल्ली हातात ठेवून असते तो भाग पक्क्या दुकानांचा नसून हातगाड्यांचा आणि टपऱ्यांचा आहे. पथविक्रेता कायदा २०१४ मध्ये झाला. त्यानुसार प्रत्येक नागरी संस्थेने नगर पथविक्रेता समिती स्थापावी, जिच्यात ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले असावेत, दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करावे आणि सापडलेल्या विक्रेत्यांना विक्री प्रमाणपत्र द्यावे, असे ठरले. १ जून २०२० रोजी सुरू झालेली पीएम स्वनिधी योजना याच प्रमाणपत्रावर उभी आहे: ज्याच्याकडे ते नाही, त्याला नगरपरिषदेचे शिफारसपत्र लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये या योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवण्यात आली आणि बिनतारण कर्जाचे तीन टप्पे १५ हजार, २५ हजार आणि ५० हजार रुपये असे करण्यात आले. वेळेवर परतफेड केल्यास व्याजात ७ टक्के सवलत मिळते. मोठ्या दुकानाच्या मानाने ही रक्कम किरकोळ वाटेल, पण बसस्थानकाजवळ चहाची गाडी चालवणाऱ्याला किंवा आठवडी बाजारात भाजीचे दुकान मांडणाऱ्या बाईला नवी गाडी, छत्री आणि स्टीलचे भांडे यांसाठी १५ हजार पुरेसे असतात, आणि सावकाराच्या व्याजाशी तुलना केली तर त्यांचे मोल फार मोठे आहे. सर्वेक्षणाच्या दिवशी जो विक्रेता आजारपणामुळे किंवा शेतकामामुळे जागेवर नव्हता त्याचे नाव यादीतून सुटते. त्याने पुढच्या सर्वेक्षणाची वाट न पाहता शिफारसपत्रासाठी लेखी अर्ज द्यावा.

नगरपरिषदेच्या स्वतःच्या पैशातून व्यक्तीला थेट साहाय्य मिळण्याची एक वाटही आहे. प्रत्येक नागरी संस्थेने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते, आणि तिच्यातून स्वयंरोजगाराला मदत करता येते. पायाने अधू असलेल्या शिंप्याच्या दुकानाला उतार, यंत्र किंवा टपरी देणे यात बसू शकते. त्यासाठी वैश्विक ओळखपत्र, रहिवासी पुरावा आणि अर्ज एवढेच लागते. तरीही हा निधी आर्थिक वर्ष संपत आले की सरसकट थोडे थोडे पैसे वाटून संपवण्याची प्रवृत्ती अनेक ठिकाणी दिसते, आणि त्यामुळे कोणाचेही दुकान उभे राहत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका होऊन कित्येक वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर निवडून आलेले सदस्य पुन्हा सभागृहात बसले आहेत. वर्षाच्या सुरुवातीलाच, अर्थसंकल्पाच्या वेळी, या निधीचा व्यवसायनिहाय आराखडा मागणे हे त्या त्या प्रभागातील नागरिकांना आता शक्य आहे.

पैसा मंजूर झाल्यावर प्रत्यक्ष काम सुरू करताना पुन्हा नगरपरिषदेचा संबंध येतो. राज्यातील बहुतांश शहरांना डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली रंगरंगोटी, गिलावा, फरशी बदलणे, आतील हलके विभाजन अशा कामांना परवानगीची सक्ती करत नाही. पण मजला वाढवणे, भार पेलणारी भिंत हलवणे किंवा रस्त्याकडे सज्जा काढणे यांना परवानगी लागतेच. पाटीच्या बाबतीत दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने कामगारांची संख्या कितीही असली तरी प्रत्येक दुकानाची पाटी देवनागरी लिपीत मराठीत असणे आणि मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे बंधनकारक केले आहे, म्हणून नव्या दर्शनी भागाचे चित्र काढतानाच हे माप धरून चालावे.

या सर्व दाखल्यांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे. अधिसूचित सेवेसाठी किती दिवस लागतील, अर्ज कोणाकडे द्यायचा आणि अपील कोणाकडे करायचे हे कार्यालयाने फलकावर लावलेच पाहिजे. अर्जाची दिनांकित पोच मिळणे हा अर्जदाराचा हक्क आहे, आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘साहेब आले की बघू’ या उत्तरावर घरी परतलेल्या अर्जदाराच्या हातात पोच नसेल तर त्याने अर्ज केला हेच सिद्ध होत नाही, म्हणून पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.

काम पूर्ण झाल्यानंतरचा एक खर्च अंदाजपत्रकात बहुधा कोणीच धरत नाही. नगरपरिषदेची कर आकारणी दर चार वर्षांनी सुधारली जाते, आणि पत्र्याच्या जागी स्लॅब आला, क्षेत्रफळ वाढले किंवा गोदामाचे दुकान झाले की त्या मालमत्तेचे करयोग्य मूल्य वाढते. ज्या सुधारणेसाठी शासन एका हाताने अनुदान देते तिच्यावरच दुसऱ्या हाताने वाढीव कर बसतो, ही लहान गावांच्या बाजारपेठांसाठी खटकणारी गोष्ट आहे, आणि राज्य शासनाने कायद्यात तशी तरतूद करून सुधारलेल्या दुकानाची आकारणी पहिली काही वर्षे जुन्याच मूल्यावर ठेवण्याची मुभा नगरपरिषदांना दिली, तर तिजोरीतून एक रुपयाही न काढता दर्शनी भागाच्या अनुदानाचे काम साधू शकेल. तोपर्यंत नव्या आकारणीची नोटीस आली की तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवणे, आणि मोजमाप करण्यास आलेल्या कर्मचाऱ्यासोबत स्वतः उभे राहून लांबी-रुंदी वहीत बरोबर लिहिली जाते की नाही ते पाहणे, हे दुकानदाराच्या हाती आहे.